रानात जावे ते चौघांनी

प्रतिवर्षी नाताळच्या सुट्टीचे वारे वाहू लागले म्हणजे शाळेच्या फलकावर सहलीची सूचना लागते, आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतील साऱ्या गप्पांस तो एकच विषय पुरतो. मोटारी किती, खिडकीजवळची जागा कोणाची, वाटेत गाणी कोणती म्हणावयाची, डब्यात काय न्यावयाचे, यांची चर्चा इतकी रंगते की, जावयाचे कोठे आहे हे कित्येकांस निघण्याच्या दिवशी कळते. सहलीस आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. समुद्रकिनारा, लेणी, एखादा कारखाना किंवा किल्ला पाहावयाचा असेल तर पन्नास काय आणि शंभर काय, सर्वांनी मिळून जावे; मौज वाढतेच. परंतु ज्या वर्षी सहल रानात जाते, आणि सूचनेत 'वन्य प्राणी व पक्षी यांचे निरीक्षण' असा हेतू लिहिलेला असतो, त्या वर्षी हेतू एकीकडे व रीत दुसरीकडे असा प्रकार होतो. या बाबतीत आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. रानात जावे ते चौघांनी. पन्नासांनी जाऊ नये, आणि एकट्याने तर मुळीच जाऊ नये.

पन्नास जणांचे रानात काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मोटार फाटकाशी थांबते, दार उघडते, आणि शंभर पायांचा एक प्राणी रानात शिरतो. पुढच्यास मागच्याची हाक, मागच्यास पुढच्याचे उत्तर, कोणाच्या मोबाइलमधून गाणे, कोणाच्या पिशवीतून वेफर्सच्या पुड्यांची कुरकुर. तासाभराने परत येऊन मंडळी म्हणतात, "छे, तेथे काहीच नव्हते!" तेथे पुष्कळ होते. ते सर्व आपणांस पाहून, ऐकून व आपला वास घेऊन बाजूस सरले होते, इतकेच.

रानास स्वतःची अशी एक वार्ताव्यवस्था आहे. काळ्या तोंडाचे वानर उंच फांदीवर बसून दूरवरचे पाहते. त्याच झाडाखाली पुष्कळदा चितळांचा कळप चरत असतो, कारण वानरे खातात त्याहून अधिक पाला व फळे खाली टाकतात. वानरांची नजर तीक्ष्ण, चितळांचे नाक व कान तीक्ष्ण. दोघांचा शेजार दोघांस उपयोगी पडतो. वाघाची किंवा बिबट्याची चाहूल लागताच वानर खकारून ओरडते, चितळ तीव्र स्वरात साद देते, सांबर 'पोंक्' असा आवाज काढून पाय आपटते, आणि भेकर तर कुत्र्यासारखे भुंकते. उघड्या माळावर हेच काम टिटवी करते. माणूस आला तरी ही बातमी फिरतेच. ज्या वाटेने आपण जाणार, त्या वाटेवर आपली वार्ता आपल्याआधी पोहोचलेली असते. यावर उपाय एकच आहे. झाडाच्या बुंध्याशी टेकून बसावे, बोलू नये, हात हलवू नये. दहापंधरा मिनिटांत भीतीचे स्वर एकेक करून थांबतात आणि रान पुन्हा आपल्या कामास लागते. पन्नास मुलांस पंधरा मिनिटे गप्प बसविणे प्रार्थनामंदिरातही किती कठीण जाते हे आमचे गुरुजन जाणतात. रानात ते कोणास साधावे?

आता चारच का, तीन किंवा सहा का नकोत, असे कोणी विचारील. डोंगर चढणाऱ्या मंडळींत एक जुना संकेत आहे. एकाचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्याजवळ बसावे व दोघांनी मिळून मदत आणावयास जावे, म्हणजे कोणीही कोठेही एकटा पडत नाही. हा हिशेब चारांवाचून जुळत नाही. शिवाय चौघांस एका ओळीत चालणे जमते. पहिल्याने वाट पाहावी, दुसऱ्याने जमिनीवरचे माग पाहावे, तिसऱ्याने झाडांचे शेंडे न्याहाळावे, आणि चौथ्याने टिपणवही सांभाळावी. तासातासाने जागा बदलाव्या. 'चौकडी' या शब्दास आपल्या भाषेत फारसे चांगले नाव नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि चौघांवर एक वडीलधारे माणूस व गावचा एक वाटाड्या असला म्हणजे तीही शंका उरत नाही. चौघे असे आम्ही म्हणतो ते विद्यार्थ्यांपुरते. या दोघांवाचून कोणत्याही पालकाने अनुमती देऊ नये.

हे मत आम्ही पुस्तकावरून बनविलेले नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत आम्ही चौघे मित्र, आमचे एक गुरुजी व पायथ्याच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ, असे सहाजण कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून गणेश घाटाने भीमाशंकराच्या रानात चढून गेलो. शिडी घाटाची वाट जवळची आहे, पण ती कड्यावरची व निसरडी. गुरुजींनी ती नको म्हटले. त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही बाबा म्हणत होतो. त्यांनी पहिल्या तासात फक्त दोनदा तोंड उघडले, एकदा पाणी पिण्यास आणि एकदा आमच्यापैकी एकाच्या शर्टाचा भडक लाल रंग पाहून, "पोरा, वरून काहीतरी घाल," असे सांगण्यास.

भीमाशंकराचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी जो शेकरू, त्याचे हे प्रसिद्ध घर. शेकरू म्हणजे मोठी खार, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ती किती मोठी, हे पाहिल्यावाचून कळत नाही. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत मोजली तर ती सहज हातभर लांबीचा दुप्पट भरेल. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिक्या दुधाळ रंगाचे, शेपूट झुबकेदार. येथल्या शेकरूस १८३१ साली कर्नल साइक्स याने मुंबई इलाख्याचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे नाव देऊन ठेवले आहे. हे आम्ही बाबांस मोठ्या उत्साहाने सांगितले. बाबांनी "असेल" म्हटले आणि पुढे चालू लागले.

आम्ही माना वर करकरून थकलो, तरी काही दिसेना. तेव्हा बाबा म्हणाले, "वर काय बघता? आधी खाली बघा." एका झाडाखाली अर्धवट कुरतडलेल्या फळांची सालपटे व कोवळ्या डहाळ्यांचे तुकडे पडलेले होते, आणि त्यांतील काहींचा ओलावा अजून सुकलेला नव्हता. म्हणजे खाणारा येथेच कोठेतरी होता. आम्ही बसलो. प्रथम दिसली ती घरटी. काटक्या व पाने यांचे मोठे गोल, उंच फांद्यांच्या बेचक्यांत. एकाच परिसरात चार मोजली. आम्हांस वाटले, येथे चार शेकरे असणार. बाबांनी मान हलविली. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, कोणते झोपण्यास, कोणते पिलांस, आणि शत्रूने पाहणी केली तर त्याची फसगत व्हावी म्हणून काही रिकामी. त्यानंतर वीसएक मिनिटे काहीच घडले नाही. खरे सांगावयाचे तर ती वीस मिनिटे कंटाळवाणी होती; मुंग्या पायांवर चढत होत्या, आणि आमच्यातील एकास खोकला आवरता आवरेना. आळशास मुंगीकडे धाडणाऱ्या शलमोन राजाने तिच्या चाव्याचा उल्लेख का केला नाही, असा प्रश्न आमच्या मनात येऊन गेला. मग वरून एक खडखडाट झाला, लाकडी खुळखुळा कोणी जोराने वाजवावा तसा. एका फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर एक तांबूस देह झेपावला. मध्ये पंधरा फूट तरी पोकळी असेल. शेपूट मागे सुकाणूसारखे सरळ ताणलेले. उतरल्यावर फांदी खाली वाकली, वर आली, आणि त्या हेलकाव्यावरच तो प्राणी पुढच्या उडीस निघाला. इतक्यात आकाशातून एक मोठी सावली सरकली; घार होती की गरुड, आम्हांस ओळखता आले नाही. शेकरू जागच्या जागी फांदीस चिकटून असे निपचित पडले की, आम्ही डोळे लावून बसलो होतो म्हणूनच ते दिसत राहिले. सावली गेली, तरी ते बराच वेळ हलले नाही.

हे सर्व पन्नासांस दिसले असते काय? आमच्या मते नाही. पण चौघांचा दुसरा एक लाभ आहे, आणि तो आम्हांस पहिल्याहून मोठा वाटतो. आमच्या त्या चौघांत वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी होता, डोंगरातल्या पाड्यावरचा. वर्गात तो मागच्या बाकावर बसतो. इंग्रजीच्या तासाला त्याचे नाव पुकारले गेले की, काही मुले हसतात, हे आम्ही येथे लपवीत नाही. रानात शिरल्यापासून तो बोलू लागला. ओल्या मातीतील एक खूण पाहून त्याने सांगितले की, येथून सकाळी भेकर गेले, व ते पळत नव्हते, चालत होते. कारण खुरांच्या दोन्ही फाळ्या फाकलेल्या नाहीत. झुडपाला लागलेले केस पाहून तो म्हणाला, "रानडुक्कर." कोणत्या झाडाचा पाला हातास लावू नये, कोणत्या वेलाखाली बसू नये, हे त्याने आम्हांस ओढून बाजूस करीत शिकविले. त्या दिवशी टिपणवही त्याच्या सांगण्यावरून भरली गेली. मोटारीतल्या पन्नासांत तो पुन्हा मागच्याच बाकावर बसला असता, आणि त्याला काय येते हे आम्हांस कधीच कळले नसते. आमच्या शाळेत असे विद्यार्थी थोडे नाहीत. त्यांस सहलीची वर्गणी परवडत नाही म्हणून ते मागे राहतात, आणि रानाविषयी ज्यांस काहीच माहीत नाही अशी आमच्यासारखी मुले रान पाहावयास जातात. ही उलटी गोष्ट होय.

'तुम्हांस वाघ दिसला काय?' रानातून परतलेल्यास विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि 'नाही' म्हटले की, विचारणाराचा चेहरा उतरतो. वाघ पाहण्याची इच्छा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा व १९७३ चा व्याघ्रप्रकल्प यांवाचून आज वाघ पाहावयास उरला असता की नाही याची शंकाच आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरण्यास मनाई आहे, ती योग्यच आहे; तेथे जिप्सीतूनच जावे लागते. परंतु रानाची ओळख तेथून सुरू करू नये. जिप्सीत बसलेला मनुष्य पाने, माग, पक्षी यांकडे पाहत नाही. तो दुसऱ्या जिप्सीच्या चालकाकडे पाहतो, त्याला काही कळले आहे काय म्हणून. आणि पैसे मोजून आलेल्याची उतावीळ कोठवर जाते, याचा दाखला फार जुना नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीस व तिच्या पाच बछड्यांस पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडून धरले. बछड्यांस आईबरोबर रस्ता ओलांडता येईना. त्या गाड्यांत बसलेली माणसे सुशिक्षित होती, कॅमेरे उत्तम होते, आणि दृश्य टिपण्याची हौस दांडगी होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतः होऊन दखल घेतली, आणि चालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली. गाड्यांत जे बसले होते, त्यांनी आपल्या बालपणी एखाद्या झाडाखाली वीस मिनिटे मुंग्या सोसल्या असत्या तर त्यांनी चालकास गाडी मागे घ्यावयास सांगितले असते, असा आमचा समज आहे. तो कोणास भाबडा वाटेल, वाटो.

आता पालकांच्या भीतीविषयी. ती खोटी आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांतले नाही. भीती असावी, पण ती योग्य ठिकाणी असावी. आपल्या घरी रानाचे नाव काढले की, आईच्या मनात प्रथम येतो तो बिबट्या. जुन्नर, शिरूर या भागांतील उसाच्या पट्ट्यात बिबट्याने माणसांचे, लहान मुलांचेही, बळी घेतलेले आहेत. तेथील मातांस भिऊ नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हे बळी मुख्यत्वे वस्तीच्या व शेतीच्या कडेस गेलेले आहेत, घनदाट रानात फिरणाऱ्या मंडळींचे नव्हेत, एवढे ध्यानात घ्यावे. तिन्हीसांजेस एकट्या मुलास उसाच्या बांधाने धाडू नये, हा नियम सहलीचा नाही, घरचा आहे.

खरा धोका पाण्याचा. पावसाळ्यात धबधब्याखाली उभे राहून छायाचित्र काढण्याची जी साथ आली आहे, तिच्याइतके घातक रानात दुसरे काही नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे क्षणार्धात वाहून गेली. वर डोंगरावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्यास दिसत नाही. पाणी गढूळ होऊ लागले व त्यात पालापाचोळा येऊ लागला की, लोंढा मागून येत आहे असे समजून काठ गाठावा. आमचे स्पष्ट मत असे की, जून ते सप्टेंबर या काळात शाळेने ओढ्याच्या व धबधब्याच्या वाटेस मुलांस नेऊच नये, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

दुसरा धोका मधमाश्यांचा. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळ लोंबत असते. धूर, उग्र अत्तर, दगड मारण्याची खोडी, यांनी त्या खवळतात. एक माशी चावली की, दंशाच्या जागी असा गंध राहतो की, इतर माश्या त्याच जागी धाव घेतात. म्हणून उभे राहून हात झाडीत बसण्यापेक्षा तोंड व मान कापडाने झाकून तेथून झपाट्याने दूर जाणे हेच शहाणपणाचे. कड्याच्या काठावर मात्र धावू नये. ज्यास पूर्वी माशीच्या दंशाने अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला असेल, त्याच्या पालकांनी ती गोष्ट अनुमतिपत्रावर लिहावी, लाजू नये.

तिसरा सर्पाचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काढला आहे. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. आकडा भयंकर आहे. परंतु यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि सुमारे निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. शेतात अनवाणी राबणारा, जमिनीवर निजणारा, रात्री दिव्यावाचून अंगणात जाणारा मनुष्य त्यास अधिक बळी पडतो. म्हणजे ज्या पाड्यांवरून आमचे वसतिगृहातील मित्र येतात, तेथे हा धोका रोजचा आहे. आपण त्यांच्या गावी एक दिवस जाऊन आलो तर तो एक दिवसाचा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चार नावे, त्यांची चित्रे व त्यांच्या सवयी प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असाव्या. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. तो अवयव न हलेल असा ठेवून रोग्यास धीर देत तडक रुग्णालय गाठावे, जेथे प्रतिविष मिळते. मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेला एक तास परत मिळत नाही. पायांत उंच बूट, हातात काठी, आणि दिसत नाही तेथे हात घालू नये, एवढे पाळले तर सर्प स्वतः होऊनच बाजूस होतो.

आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मुलग्यास जी अनुमती सहज मिळते ती मुलीस मिळत नाही. कारण विचारले तर पुन्हा बिबट्याचेच नाव पुढे केले जाते. त्या घरांसाठी आम्ही अकोले तालुक्यातील एक हकिकत सांगतो. तेथे अरण्य नाही. ऊस, मका व माणसांची दाट वस्ती आहे. विद्या अत्रेय या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह रात्री वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून तेथील बिबट्यांची मोजदाद केली. दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारे पाच बिबटे त्या शेतांत माणसांच्या शेजारी राहत होते, असे त्यांस आढळले, आणि २०१३ साली ते प्रसिद्ध झाले. गावकऱ्यांशी बोलणे, माग काढणे, रात्रीबेरात्री शेतांतून फिरणे, हे सर्व त्या करीत आल्या. त्यांच्या आईवडिलांनी बिबट्याच्या धास्तीने त्यांस घरी बसविले असते तर बिबट्या कोठे राहतो हेसुद्धा आपणांस आज नीट ठाऊक नसते. चार मुलींची एक तुकडी, एक शिक्षिका व वाडीतील एक जाणती बाई, एवढ्याने भागते.

आपल्यासारख्या मिशनच्या शाळेस ही वाट परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात फादर ब्लाटर (१८७७–१९३४) या स्विस धर्मगुरूंनी गोळा केलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही त्यांच्या नावाने आहे. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश धर्मगुरू फादर सांतापाव (१९०३–१९७०) यांनी खंडाळ्याच्या डोंगरांतून वर्षानुवर्षे पायी हिंडून तेथील वनस्पतींची जी नोंद केली, ती १९५३ साली ग्रंथरूपाने आली. पुढे ते भारताच्या वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. कारवीच्या फुलण्याचा त्यांनी अभ्यास केला होता. कारवी सातआठ वर्षांनी एकदाच फुलते, व बी धरून मरते. जो विद्यार्थी इयत्ता तिसरीत ती पाहील, त्याला ती पुन्हा पाहावयास शालान्त परीक्षेचे वर्ष उजाडेल. मध्ये चुकली तर चुकलीच. सहलीसाठी योग्य वर्षाची वाट पाहत बसणाऱ्या पालकांनी या झुडपाचा हिशेब मांडून पाहावा.

सालीम अली यांची गोष्ट आमच्या वाचनात आहे, ती बहुतेकांस ठाऊक असेल. दहाबारा वर्षांच्या त्या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणास सांगता येईना, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. ही संस्था १८८३ सालची. तिचे मानद चिटणीस मिलार्ड यांनी भेदरलेल्या मुलास हाकलून न देता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखविले. पुढे १९४१ साली त्या मुलाने भारतीय पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक आजही पक्षी पाहणाऱ्यांच्या पिशवीत असते. या गोष्टीत बंदूक आम्हांस महत्त्वाची वाटत नाही. आता तिने रानपक्षी मारणे कायद्यानेही बंद आहे. खण उघडणारा मनुष्य महत्त्वाचा. आमच्या शाळेत प्रयोगशाळेशेजारी जे कुलूपबंद कपाट आहे, त्यात काय आहे हे आम्हांस सहा वर्षांत कळलेले नाही.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील, म्हणून लिहितो. दूरच्या अभयारण्यास एकदा जाण्यास प्रत्येकी जे लागते, तेवढ्यात चौघांची एक तुकडी वर्षभर जवळच्या टेकडीस, तळ्यास व नदीकाठास जाऊन येईल. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आयुष्याचा बहुतेक भाग आपल्या सेलबोर्न खेड्यातच काढला, आणि तेथले पक्षी, कासव व गांडुळे पाहून लिहिलेले त्याचे १७८९ सालचे पुस्तक आजही छापले जाते. आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करता करता रानाचे शब्दभांडार मराठीत आणले. २०२५ साली ते निवर्तले. त्यांची पुस्तके ग्रंथालयात आहेत, आणि ज्या प्रती आम्ही पाहिल्या त्यांच्या पाठीमागील चिठ्ठीवर तारखांचे शिक्के फार थोडे आहेत.

आमची सूचना अशी आहे. पन्नासांची सहल समुद्रावर किंवा लेण्यांस खुशाल जावी. रानासाठी मात्र इयत्ता आठवी व नववीतून चौघाचौघांच्या तुकड्या कराव्या, प्रत्येक तुकडीत वसतिगृहातील एक तरी विद्यार्थी असावा, आणि त्याची वर्गणी घेऊ नये. तो वर्गणीहून अधिक काही देत असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरावा. मोबाइल गुरुजींच्या पिशवीत बंद असावा, मदतीपुरता. माकडांस खाऊ घालू नये; त्याने ती माणसांच्या अंगावर येण्यास शिकतात, व मग दोष त्यांच्यावर येतो. परतल्यावर प्रत्येकाने वहीत वार, वेळ, जागा, काय दिसले व काय फक्त ऐकू आले हे लिहावे. ऐकलेले वेगळे लिहावे, पाहिलेले वेगळे. पश्चिम घाटातल्या ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा कस्तुर पुष्कळांस ऐकू येतो, दिसतो थोड्यांस; इंग्रज लोक त्याला शीळ घालणारा शाळकरी मुलगा म्हणत, आणि खरोखरच तो तसाच मध्येच सूर विसरून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. ज्या वह्या नीट लिहिल्या जातील त्या त्या कुलूपबंद कपाटात ठेवाव्या, म्हणजे ते उघडण्यास एक कारण मिळेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पहिली तुकडी निघावी, असा अर्ज आम्ही मुख्याध्यापकांकडे दिला आहे. वाटाड्या म्हणून भीमाशंकराच्या बाबांस निरोप गेला आहे. ते येतो म्हणाले, पण लाल शर्ट नको, असेही त्यांनी कळविले आहे. अनुमतिपत्रे या अंकाबरोबरच घरोघर येत आहेत. त्यांवर रोग, औषध व पोहता येते की नाही, यांसाठी तीन रकाने आहेत, ते पालकांनी रिकामे सोडू नयेत.